कमी फोटो, कोरी पानं: स्टुडंट असताना आपलं पहिलं फोटोबुक कसं करायचं

मागच्या वर्षी मी एक छोटं फोटोबुक केलं. ए५ साइज, ३२ पानं, आत फक्त १८ फोटो, सगळे ब्लॅक अँड व्हाइट. विषय आमची रूम. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची रूम, तीन कॉट, दोन ताया एमपीएससी करणाऱ्या आणि तिसरी मी. तेव्हापासून कॉलेजमधले ज्युनियर विचारत असतात की कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये केलंस, कुठे छापलंस, कागद कुठला, आणि दरवेळी अर्धवट उत्तर देऊन मलाच बरं वाटत नाही, म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते.

सॉफ्टवेअरचा प्रश्न सगळे पहिला विचारतात आणि माझ्या मते तो सगळ्यात शेवटचा आहे. स्क्रीनवर फोटोभोवती भरपूर पांढरं सोडलं, बारीक फॉन्ट लावला की पुस्तक मिनिमल दिसतं खरं, पण हातात घेतल्यावर ते रिकामं वाटतं. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे हाताने ठरवावं लागतं, प्रिंट जमिनीवर पसरून, कागदाला घड्या घालून. माझे दोन महिने त्यात गेले आणि लॅपटॉपवरचं काम चार संध्याकाळीत झालं.

विषय जेवढा छोटा तेवढं बरं

"पुणे" हा विषय होऊ शकत नाही. "मंडई" सुद्धा मोठा आहे. मंडईतला एकच गाळा, तिथल्या बाई सकाळी माल लावतात तेव्हापासून गोणपाट झाकून जातात तोपर्यंत, हा चालेल. तांबट आळीतला एकच हातोडा चालेल. थोड्या फोटोंच्या पुस्तकात मोठा विषय घेतला की वाचणाऱ्याला सारखं वाटत राहतं की हे राहिलं, ते पण राहिलं. छोटा घेतला की १८ फोटो पण भरपूर होतात.

माझा विषय सुरुवातीला "पुण्यात शिकायला आलेल्या मुली" असा होता. त्यात मेस होती, अभ्यासिका होती, स्वारगेटला गावाकडची एसटी पकडतानाचे फोटो होते, झेड ब्रिजवरचे होते, सगळंच होतं आणि एकाला दुसऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. मग एक वाक्य लिहून बघितलं, त्यात "आणि" हा शब्द येऊ द्यायचा नाही असं ठरवून. चौथ्या-पाचव्या वेळेला जमलं: "एका कॉटएवढ्या जागेत एक मुलगी काय काय मावून घेते." हे वाक्य कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं, आणि त्यानंतर कुठलाही फोटो समोर आला की हो किंवा नाही लगेच सांगता यायला लागलं. झेड ब्रिजचा एक फोटो मला आजही खूप आवडतो, पाऊस, मागे नदी भरलेली, पण तो कॉटवरचा नाही म्हणून गेला.

तुम्ही पण हे वाक्य आधी लिहा. ते जमत नसेल तर अजून फोटो काढायला जा, पुस्तकाला हात लावू नका.

निवड: जमीन, कात्री, झेरॉक्स

माझ्याकडे १९०० च्या आसपास फोटो होते. पहिल्या फेरीत लॅपटॉपवरच १४० केले, हे सगळ्यांना जमतं, हललेले, डबल आलेले, डोळे मिटलेले काढायचे. त्यानंतर लॅपटॉप बंद करायचा. एका ए४ वर चार फोटो टाकून साध्या झेरॉक्सच्या दुकानातून ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढायच्या आणि कात्रीने कापायच्या. १४० फोटोंना ३५ कागद लागतात. महागडा फोटो पेपर अजिबात नको, उलट खराब झेरॉक्सवर सुद्धा जो फोटो उभा राहतो तो खरोखर चांगला असतो, कारण तिथे रंग नाही, चकाकी नाही, फक्त आकार आणि त्यात काय चाललंय एवढंच उरतं. माझं पुस्तक ब्लॅक अँड व्हाइट व्हायचं कारण पण हेच, तीन कॉटवर तीन भडक रंगांच्या चादरी होत्या आणि रंगीत फोटोत डोळा आधी चादरीवरच जायचा.

कॉटच्या मधल्या पट्ट्यात मी ते सगळे कागद पसरायचे, रात्री गोळा करून क्रमाने रबर लावून ठेवायचे, सकाळी परत. एकाच बैठकीत निवड करू नका. काल जो फोटो भारी वाटला तो तीन दिवसांनी फक्त सुंदर वाटतो, आणि फक्त सुंदर असलेला फोटो थोड्या फोटोंच्या पुस्तकात फार त्रास देतो, तो बाकीच्यांना लहान करतो.

दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर एक काढायचा, हा नियम सोपा आहे पण स्वतःला ते दिसत नाही, म्हणून फोटोग्राफीतला नसलेला माणूस हवा. मी दोन फोटोंवर आठवडाभर अडले होते. एकात कॉटखालची लोखंडी पेटी, तिचं कुलूप, किल्ली सेफ्टी पिनने ओढणीच्या टोकाला अडकवलेली. दुसऱ्यात तीच पेटी उघडी, आत नीट घडी केलेले कपडे, वर डिंकाच्या लाडवांचा डबा. मला दोन्ही लागत होते. ताई अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "उघडी कशाला दाखवतेस, किल्ली बघितली की कळतं ना." उघडी पेटी काढली. पुस्तक बघणारे लोक आता त्या किल्लीच्या पानावर सगळ्यात जास्त थांबतात.

१४० चे ६०, ६० चे ३१, ३१ चे १८. शेवटचे १३ काढायला सगळ्यात जास्त दिवस लागले आणि ते तसेच लागतात. फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँकने अमेरिकाभर फिरून २७ हजारांहून जास्त फोटो काढले होते आणि १९५८ मध्ये पॅरिसला त्याचं "द अमेरिकन्स" हे पुस्तक आलं तेव्हा त्यात ८३ होते. आपले १९०० मधून १८ म्हणजे काही फार कठोर हिशोब नाही.

निवड करतानाच परवानगीचं बघा, नंतरवर ढकलू नका. माझ्या दोन्ही तायांना मी प्रत्येक फोटो दाखवला आणि एक फोटो एकीने नको म्हटल्यावर तो त्याच दिवशी काढला, कारण तिची जागा होती ती. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारा. आणि झूम करून कोपरे तपासा. आमच्या भिंतीवर एका फोटोत हॉल तिकीट चिकटवलेलं होतं, त्यावर नाव, नंबर, फोन सगळं वाचता येत होतं. असे फोटो वापरायचेच नाहीत, किंवा ती वस्तू बाजूला ठेवून परत काढायचे.

क्रम लावणं

तारखेप्रमाणे लावू नका. सकाळ, दुपार, रात्र असं पण शक्यतो नको, चौथ्या पानाला वाचणाऱ्याला पुढचं कळतं. मी आकारांवरून लावलं. भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे, त्याचा खालचा कोपरा सुटून वर वळलाय. त्याच्या पुढच्या पानावर चादरीचा दुमडलेला कोपरा. दोन्ही वळणं एकाच दिशेला आहेत, वाचणाऱ्याला ते शब्दात सांगता येत नाही पण पान उलटताना हाताला कळतं. कॉटच्या दांडीवर वाळत टाकलेल्या ओल्या टॉवेलची उभी घडी, आणि तिच्यानंतर उभी उघडी ठेवलेली वही. असं जोडत जा. चेहरा असलेला फोटो मी एकच ठेवला, शेवटून तिसरा, कारण चेहरा आला की लोक बाकीचं बघायचं सोडतात.

कोऱ्या पानांबद्दल मला जे समजलं ते तबल्यावरून. तीनतालाच्या १६ मात्रांमध्ये नववी "खाली" असते, म्हणजे तिथे टाळी देत नाहीत, पण तिला मोजतातच, ती वगळत नाहीत. कोरं पान पण असं मोजून ठेवायचं. माझ्या पुस्तकात एक अख्खी जोडी, डावं आणि उजवं दोन्ही, पूर्ण कोरी आहे. एका ताईचा निकाल लागून ती गावी गेली त्या आठवड्यातला, रिकाम्या कॉटचा फोटो झाल्यावर लगेच. दुसरीकडे कुठेही ते पान ठेवून बघितलं तर छापायचं राहून गेलंय असंच वाटायचं. तुमच्या पुस्तकात अशी जागा सापडली नाही तर कोरी जोडी ठेवूच नका.

डमी करा, आजच करा

डमी म्हणजे पुस्तकाची हाताने केलेली कच्ची कॉपी. ए४ चे आठ कोरे कागद घ्या, एकावर एक ठेवून मधून घडी घाला, झालं ३२ पानांचं ए५ पुस्तक. मध्ये लांब हाताच्या स्टेपलरने दोन पिना मारा, नसेल तर झेरॉक्सवाले मारून देतात. एका कागदाची घडी घातली की चार पानं होतात, म्हणून सेंटर पिनच्या पुस्तकाची पानं कायम चारच्या पटीत असतात, २४, २८, ३२, ३६. "माझी ३० पानं आहेत" म्हणून प्रेसमध्ये गेलात तर मागे दोन नको असलेली कोरी पानं येतात.

पेन्सिलने पानांना नंबर टाका. पान १ उजवीकडे येतं, ते नावाचं. मग २-३, ४-५ अशा १५ जोड्या होतात आणि ३२ वं शेवटचं एकटं. माझ्या १५ जोड्यांमध्ये नऊ ठिकाणी फक्त उजवीकडे एक फोटो, डावं कोरं. चार ठिकाणी दोन्हीकडे एकेक. एक कोरी जोडी. आणि एक फोटो दोन्ही पानांवर पसरलेला, तो बरोब्बर १६-१७ वर. तो तिथेच का, तर ३२ पानांत फक्त १६-१७ ही जोडी एकाच अखंड कागदावर असते. बाकी कुठल्याही जोडीत डावं पान एका कागदाचं आणि उजवं दुसऱ्या कागदाचं असतं, मग फोटोची रेघ मध्ये वरखाली होते, काळा रंग पण जरासा वेगळा येतो. डमी हातात असेल तर हे घडी उघडून डोळ्यांनी बघता येतं, समजावून सांगावं लागत नाही.

झेरॉक्सचे तुकडे लहान करून साध्या गोंदाने, अगदी थोडा लावून, चिकटवा, म्हणजे काढता येतील. मग ती डमी बॅगेत ठेवून फिरा. बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, कुणाच्याही हातात द्या आणि काही बोलू नका, फक्त त्यांचा अंगठा बघा, कुठे पान पटकन उलटलं, कुठे परत मागे गेले. माझ्या तीन डमी झाल्या. तिसऱ्यात फक्त दोन फोटोंची अदलाबदल केली आणि पुस्तक बसलं.

साइज आणि कागद

नवीन मुलांना चौकोनी पुस्तक फार आवडतं, मला पण आवडायचं. पण डिजिटल प्रेसचा कागद बहुतेक ठिकाणी १२×१८ किंवा १३×१९ इंची असतो. ८ इंची चौकोनी पुस्तक उघडलं की १६×८ होतं, एका शीटवर एकच बसतं, उरलेला कागद कापून जातो आणि पैसे अख्ख्या शीटचे द्यावे लागतात. उभं ए५ मात्र, उघडल्यावर २९७×२१० मिमी, चारी बाजूला ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारी जास्तीची कड, धरून ३०३×२१६, हे १३×१९ वर बरोबर दोन बसतं. दोन्ही बाजूंनी छापलं की एका शीटमध्ये आठ पानं. म्हणजे ३२ पानांना चारच शीट. रेट विचारताना "पुस्तकाचे किती" असं विचारू नका, "१३×१९ दोन्ही बाजू ब्लॅकचे एका शीटला किती" असं विचारा, त्याला चारने गुणा, त्यात कव्हर, घडी आणि कटिंग धरा. चार ठिकाणी हाच प्रश्न विचारला की रेटमधला फरक कळतो.

कागदाला दाणा असतो, ग्रेन म्हणतात तो, आणि घडी त्याच्या दिशेने पडली तर सरळ, मऊ पडते, आडवी पडली तर घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो आणि काळा टोनर, म्हणजे मशीनची पावडरची शाई, सोलतो. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघायची, सहज वाकते तेव्हा वळणाची रेघ ज्या दिशेला असते ती दाण्याची. उभ्या ए५ ची घडी शीटच्या १९ इंची बाजूला समांतर येते, म्हणून दाणा लांबीच्या दिशेने असलेला कागद मागायचा. आडवं ए५ केलं तर सगळं उलटं होतं, तिथे दाणा आडवा लागतो.

जाडीबद्दल एक गोष्ट आधी मला कुणीच सांगितली नव्हती. आपलं कोरं पान हे कुठल्यातरी फोटोची पाठ असते. कागद ७० किंवा १०० जीएसएमचा, म्हणजे पातळ, असला तर मागचा काळा फोटो भुतासारखा दिसतो आणि ते पान कोरं राहतच नाही. बाकीच्या पुस्तकांना हे चालून जातं, आपल्याला नाही, कारण आपण इतकी पानं कोरी ठेवलीत. म्हणून १३० च्या खाली जाऊ नका. १७० पर्यंत ठीक, त्याच्या वर सेंटर पिनचं पुस्तक मिटत नाही, तोंड उघडून बसतं. ग्लॉस नको, ट्यूबलाइटखाली चमकतो आणि बोटांचे ठसे उमटतात. मॅट आर्ट किंवा बिनकोटिंगचा पांढरा. नॅचरल शेड दिसायला छान असतो पण त्यावर फोटोतला पांढरा पण पिवळसर होतो हे लक्षात ठेवून घ्या.

कव्हरसाठी शिवाजीनगरला हातकागद संस्थेत जाऊन या, १९४० पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद करतात. तिथला राखाडी कागद मी हातात घेतला आणि कव्हरचं डिझाइन करायचा विचारच सोडला. फक्त हा कागद टोनरच्या मशीनमध्ये घालायला सांगू नका, त्याचे तंतू सुटतात, पृष्ठभाग एकसारखा नसतो, प्रेसवाले नाही म्हणतील आणि ते बरोबर आहे. मी नावाचा रबरी शिक्का करून घेतला, एकच शब्द, "कॉट", आणि प्रत्येक कव्हरवर हाताने मारला. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास शिक्के करणारे सापडतात.

आकार लहान म्हणून मन खट्टू करू नका. फोटोग्राफर दयानिता सिंगने २००८ मध्ये सात छोट्या घडीच्या पुस्तिका एका खोक्यात घालून प्रकाशित केल्या, तळहातावर मावतील एवढ्या. लहान पुस्तक माणूस जवळ घेऊन बघतो.

आता लॅपटॉप

पानं मांडायचं सॉफ्टवेअर इनडिझाइन कॉलेजमध्ये असेल तर ते, नसेल तर स्क्रायबस फुकट आहे, १.६ किंवा पुढचं घ्या कारण जुन्या आवृत्तीत मराठी जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइनमध्ये पण अक्षरं तुटली तर पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, सुटतं.

माझी मापं देते, तशीच घ्या किंवा बदला. पान १४८×२१० मिमी. फोटो ११५×७७, १६-१७ वरचा पसरलेला सोडून सगळीकडे एकाच जागी. आतल्या बाजूला १८ मिमी, बाहेर १५, वर ५७, खाली ७६. खाली जास्त का, तर बरोब्बर मधोमध ठेवलेला फोटो डोळ्याला घसरल्यासारखा वाटतो. ११५ मिमी रुंदीला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, साधारण १३६० पिक्सेल लागतात, म्हणजे फोनने काढलेला फोटो सुद्धा आरामात चालतो, कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली कॉपी वापरू नका, मूळ फाइल घ्या.

फोटोच्या कडेला आकाश किंवा पांढरी भिंत असेल तर ती पानात मिसळून फोटोची कडच नाहीशी होते. काही जण त्याला बारीक रेघेची चौकट देतात, मला ती आवडत नाही, पानावर एक जास्तीची वस्तू येते. मी फोटोतला सगळ्यात पांढरा भाग २५५ (म्हणजे पूर्ण पांढरा; ० म्हणजे काळा) वरून २४५ च्या आसपास आणला, तेवढ्याने कड दिसते.

पानांवर नंबर नाहीत, फोटोखाली ओळी नाहीत. सगळा मजकूर ३२ व्या पानावर, सहा ओळी. मराठीसाठी टिरो देवनागरी मराठी वापरला, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात आणि मराठी डोळ्याला ते लगेच खुपतं. साइज १०.५, ओळींमधलं अंतर १६, कारण वर वेलांट्या आणि खाली उकार यांना जागा लागते, इंग्रजीच्या हिशोबाने अंतर ठेवलं की ओळी एकमेकीत घुसतात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा अधिकृत नंबर, लागतो का असं विचारतात. दहा-वीस कॉपी मित्रमंडळींत द्यायच्या असतील तर काही गरज नाही, दुकानात ठेवायचं मनात असेल तर बघा, भारतात तो फुकट मिळतो.

प्रेसमध्ये

पहिलं प्रूफ, म्हणजे तपासायची पहिली छापील प्रत, मी घाईत काढलं, संध्याकाळी, गर्दीच्या वेळी, आणि पाकीट रूमवर येऊन उघडलं. सगळे फोटो हिरवट. ब्लॅक अँड व्हाइट फोटो आरजीबीमध्ये, म्हणजे रंगीत फाइल म्हणून, पाठवले होते आणि मशीनने ते चारही रंग मिसळून छापले. शिवाय सावल्या सगळ्या बुजलेल्या, कॉटखालची पेटी दिसतच नव्हती, किल्ली सुद्धा नाही. त्या रात्री खूप वाईट वाटलं कारण पैसे मोजूनमापून आणलेले होते.

त्यानंतर जे केलं ते तुम्ही आधीच करा. फोटो ग्रेस्केलमध्ये बदला आणि ऑपरेटरला स्पष्ट सांगा की फक्त ब्लॅकमध्ये काढा. काळा किंचित कमी गडद येतो पण कुठलाच रंग चढत नाही आणि शीट स्वस्त पण पडते. लॅपटॉपचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, शेजारी कोरा कागद ठेवा, स्क्रीनचा पांढरा आणि कागदाचा पांढरा सारखा दिसेपर्यंत कमी करा, मग सावल्या उचला. पीडीएफ एकेका पानाची द्या, जोड्यांची नाही, पानांची मांडणी प्रेसचं सॉफ्टवेअर करतं. फॉन्ट आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या, खूप प्रेसमध्ये श्रीलिपी या जुन्या मराठी सॉफ्टवेअरवर काम चालतं आणि आपला युनिकोड फॉन्ट त्यांच्याकडे असेलच असं नाही. पेनड्राइव्हवर द्या.

आणि सगळी ३२ पानं काढण्याआधी एकच शीट काढायला सांगा, त्यात सगळ्यात काळा फोटो आणि सगळ्यात उजळ फोटो दोन्ही असतील असं बघा. ती शीट घेऊन दुकानाबाहेर उन्हात जा, मग परत आत ट्यूबलाइटखाली. दोन्हीकडे ठीक वाटली तरच पुढे. सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर ते नीट वेळ देतात, आणि मार्च-एप्रिल टाळा, तेव्हा प्रोजेक्ट रिपोर्टची रांग असते. ऑफसेटचं, म्हणजे धातूच्या प्लेट करून छापायचं, कुणी सुचवलं तर प्लेटचा खर्च दहा-वीस कॉपीवर कधीच वसूल होत नाही, शेकड्यात छापायचं असेल तेव्हा विचार करा.

शिवण

पिन पण चालते, पण मी दोऱ्याने शिवलं, कारण १६-१७ च्या फोटोच्या बरोब्बर मध्ये स्टीलच्या दोन पिना मला नको होत्या. नारायण पेठेत एक बाइंडर काका आहेत, त्यांनी त्यांच्या टेबलावर एकदा करून दाखवलं, बाकी मी रूमवर केलं. चार शीट मधून कापून झालेल्या आठ कागदांना वेगवेगळी घडी घालायची, हाडाची पट्टी नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ फिरवायची, मग एकात एक घालायचे आणि बाहेरून कव्हर. घडीच्या मधोमध एक खूण, तिच्या वर ६५ मिमीवर एक, खाली ६५ वर एक. जाड पुठ्ठ्यावर किंवा जुन्या वहीवर उघडं ठेवून दाभणाने तीन भोकं, आतून बाहेर, दाभण घडीतच सरळ गेलं पाहिजे.

सुती दोरा साधारण ६५ सेमी, मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या म्हणजे गुंतत नाही. मधल्या भोकातून आतून बाहेर, टोक आत बोटभर ठेवून. वरच्या भोकातून आत. आतूनच मधलं भोक ओलांडून थेट खालच्यापर्यंत, तिथून बाहेर. मग मधल्यातून परत आत. आता दोन टोकं आत आहेत आणि त्यांच्यामध्ये लांब टाका आहे, एक टोक त्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला, आणि त्याच्यावर गाठ. ओढताना दोरा घडीला समांतर ओढा, वर उचलून ओढलात की कागद चिरतो, माझ्या दोन कॉपी अशा चिरल्या. काका म्हणाले, "दोरा कागदाला धरून ठेवायला असतो, आवळायला नाही." त्यानंतर हात सैल पडला.

शिवून झालेल्या कॉपी पावसाळ्यात उघड्या ठेवू नका, पुण्यात जुलैमध्ये रात्रीत कडा लाटांसारख्या होतात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून वजनाखाली ठेवा. माझ्या ११ कॉपी ताईच्या एमपीएससीच्या जाड पुस्तकांखाली दोन रात्री होत्या, तेवढे दिवस ती नोट्सवरून वाचत होती.

कटिंग सगळ्यात शेवटी, तीन बाजूंनी. आत घातलेले कागद एकात एक बसताना बाहेर सरकतात, आठ कागदांत मिलिमीटरभर तरी, म्हणून आधी कापून मग शिवलं तर कडेला पायऱ्या दिसतात. मशीनवाल्याला सगळ्या कॉपी एकदम देऊ नका. पहिली एकच कापून घ्या, उघडून १७ वं पान, म्हणजे सगळ्यात आतल्या कागदावरचं, पट्टीने मोजा, बाहेरची जागा १४ मिमीच्या खाली गेली असेल तर पाती जरा बाहेर घ्यायला सांगा, आणि मग बाकीच्या द्या.